वाढपी आणि मांडववाला

लग्नाला जाऊन आल्यावर आपण घरी काय सांगतो? जिलबी छान होती, मठ्ठा जरा आंबट होता, आणि मुलीच्या मामानं आग्रह असा केला की पानावरून उठवेना. निदान मी तरी एवढंच सांगत आलो. मांडवाचे बांबू घट्ट बांधले होते का, असं मला आजवर कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहोऊन कुणाला सांगितलं नाही. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. मांडववाल्यावर एखादी म्हण आहे का, हे मी बरंच आठवून पाहिलं. मला तरी सापडली नाही. ही उणीव वयाची पासष्टी उलटेपर्यंत मला खटकली नव्हती. खटकली ती अमेरिकेत, एका पन्नास आसनांच्या विमानामुळे. आणि तीही वेळेवर नाही, एक कडक तक्रारअर्ज लिहून, पाठवून, त्याचं उत्तर आल्यावर.

झालं असं की २०२४ च्या फेब्रुवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता बफेलोला निघालो. बफेलो हे अमेरिकेतलं बर्फाचं माहेरघर. अशा गावी मुलगी दिली याबद्दल सौ. जावयांना अजून मनातून माफ करू शकलेली नाही. तिनं महिनाभर आधीपासून डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा असा सगळा सरंजाम जमवला आणि लाडवांचा डबा 'जिवापाड जपायचा' असं बजावून माझ्या हातातल्या बॅगेत घातला.

पहिला लांबचा पल्ला मोठ्या कंपनीच्या मोठ्या विमानानं झाला. काय ते अगत्य! उशी आली, पांघरूण आलं, कानाला लावायचं यंत्र आलं. जेवण आलं, ते काढून नेलं, पुन्हा काहीतरी खायला आलं. दर थोड्या वेळानं एक हसरी मुलगी वाकून विचारायची, "आणखी काही हवं का?" माझ्या घरात हा प्रश्न मला शेवटचा कधी विचारला गेला ते आठवेना. विमान सुटताना ती सुरक्षेची माहिती देऊ लागली, पट्टा असा बांधा, दार तिकडे आहे वगैरे. तेव्हा मी जेवणाचं कार्ड वाचत होतो.

"कंपनी एकदम खात्रीची दिसते," मी सौ.ला म्हणालो.

"कशावरून?"

"चहा बघ ना किती अदबीनं देतात!"

"चहाचा आणि चाकाचा काय संबंध?" असं म्हणून तिनं डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली.

बायकोचे प्रश्न आपण त्या वेळी ऐकत नाही, हा संसाराचा मूळ दोष आहे.

न्यूयॉर्कला उतरून बफेलोचं विमान घ्यायचं होतं. तिकीट त्याच कंपनीचं, विमानाच्या शेपटीवर चित्रही तेच. पण विमान म्हणजे मघाच्या विमानाचं शेंडेफळ. दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या, आणि मधली वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं कुणाच्या तरी मांडीत बसावं. जावयांनी नंतर खुलासा केला तो असा : मोठ्या कंपन्या मोठ्या शहरांमधली विमानं स्वतः चालवतात आणि आडबाजूच्या गावांसाठी छोट्या कंपन्यांना ठेका देतात. रंग मोठीचा, नाव मोठीचं, तिकीट मोठीचं. विमान, वैमानिक आणि वाढपीण मात्र छोटीची. विमान कोण चालवतं ते तिकिटावर लिहिलेलं असतं. ते मी वाचलं नव्हतं. आपल्याकडचा पुणेरी दुकानदार निदान 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावून मोकळा होतो. इथं शाखा गावोगाव, फक्त गल्ल्यावर दुसऱ्याचा माणूस!

या विमानात हवाई-सुंदरी एकच. (पन्नास आसनांपर्यंत एक असली तरी चालते, असा तिथला नियमच आहे.) तीही आमच्या शाळेतल्या पी. टी.च्या बाईंच्या वळणाची, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेली, शिट्टी तेवढी गळ्यात नव्हती. तिनं दारातच माझी बॅग हातातून घेतली. वरचे कप्पे लहान आहेत, बॅग खाली पोटात जाईल म्हणाली. मी म्हणालो, "आत लाडू आहेत." ती म्हणाली, "असू देत." लाडू म्हणजे काय हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

आम्ही स्थानापन्न झालो. विमान निम्मं रिकामं होतं. तेवढ्यात बाई आल्या, मोजदाद केली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आपण मागच्या बाराव्या रांगेत बसा."

"का?"

"विमानाचा तोल."

आजूबाजूचे चारजण माझ्या पोटाकडे पाहू लागले. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला आणि सौ.ला कुणी वेगळं बसवलं नव्हतं. फार तर एस. टी.च्या कंडक्टरनं 'पुढं सरका' म्हटलं असेल, पण त्यानं त्याचं कारण माझ्या वजनात शोधलं नव्हतं. मी वाद घातला. माझ्या इंग्रजीत जेवढा घालता येतो तेवढा सगळा घातला. तिनं तो ऐकून घेतला आणि पुन्हा म्हणाली, "बारावी रांग." मी गेलो. पाठोपाठ येऊन तिनं माझा पट्टा स्वतः ओढून पाहिला. आणखी काही हवं का, हे मात्र विचारलं नाही.

पुढची कथा बर्फाची. बाहेर भुरभुर चालू झाली. विमानाच्या पंखांवर नारिंगी रंगाचं गरम औषध फवारलं. मग धावपट्टीकडे रांग लागली. रांग लांबली. बर्फ पडत असताना त्या औषधाचा अंमल ठरावीक वेळच टिकतो, तो संपला. पुन्हा मागं, पुन्हा फवारणी. असे तीन तास गेल्यावर कॅप्टन स्वतः बाहेर येऊन प्रवाशांसमोर उभा राहिला. तिशीतला पोरगेलासा माणूस. म्हणाला, "माझ्या ड्यूटीचे तास संपत आले आहेत आणि मी थकलो आहे. या स्थितीत मी तुम्हाला नेणार नाही. आपण परत जातोय."

विमानात एकच गलका झाला. त्यात माझा आवाज बारीक नव्हता. "अहो, तासा-सव्वातासाचा तर रस्ता! आमच्याकडे लोक डबल ड्यूटी करतात!" मुलीच्या दवाखान्यातून निरोप आला होता, कळा सुरू झाल्या होत्या. मी हेही सांगितलं. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. पण त्यानं मान हलवली ती आडवीच.

ती रात्र आम्ही विमानतळावरच्या खुर्च्यांवर काढली. पहाटे चार वाजता नातीचा जन्म झाल्याचं फोनवर कळलं. सौ. रडली. आनंदानं की तिथं नसल्याच्या दुःखानं, हे मी विचारलं नाही, कारण मला स्वतःचंही नीट सांगता आलं नसतं. लाडवांचा डबा तेव्हा कुठल्या विमानाच्या पोटात होता, देव जाणे.

बफेलोला पोचल्यावर, बाळाचं तोंड पाहून झाल्यावर, मी पहिलं काम केलं ते तक्रारअर्जाचं. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले होते, त्यामुळे अर्ज कसा असावा हे मला पक्कं माहीत. मुद्दा एक : कर्मचारी स्त्रीचं उद्धट वर्तन. मुद्दा दोन : ज्येष्ठ नागरिकाचा सर्वांसमक्ष अपमान. मुद्दा तीन : कॅप्टनचा हेकेखोरपणा. मुद्दा चार : कोरडं बिस्किट. शेवटी 'आपल्या मुख्य विमानातील सेवेशी तुलना करता' असं एक जळजळीत वाक्य. आठवड्यात उत्तर आलं. अत्यंत गोड. माफी मागितली होती, पुढच्या प्रवासासाठी शंभर डॉलरचं कूपन होतं, आणि खाली एक वाक्य होतं : 'संबंधित कर्मचाऱ्यांशी याबाबत योग्य ती चर्चा करण्यात येईल.'

मी पत्र जावयांना दाखवलं. माझी अपेक्षा, ते म्हणतील, वा बाबा! ते काहीच बोलले नाहीत. रविवारी म्हणाले, "बाबा, जरा फिरून येऊ."

बफेलोजवळ क्लॅरेन्स सेंटर नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या लाँग स्ट्रीटवर एका रिकाम्या जागेशी त्यांनी गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना घरं, मधल्या घराच्या जागी स्मारक. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कहून बफेलोला येणारं एक विमान त्या घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, पन्नास माणसं गेली. शेपटीवर नाव काँटिनेंटल या मोठ्या कंपनीचं. चालवणारी कंपनी कोलगन नावाची छोटी.

"बर्फामुळे?" मी विचारलं.

"मलाही तसंच वाटायचं. बर्फ होतं थोडं, पण कारण ते नव्हतं. वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर विमानाचं नाक खाली करायचं असतं. कॅप्टननं वर ओढलं. दोघंही वैमानिक थकलेले असावेत, असं चौकशीत म्हटलं आहे. त्यातली सहवैमानिक मुलगी देशाच्या पश्चिम टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. पगार तुटपुंजा, नेवार्कला खोली घेणं परवडत नव्हतं. शिवाय सर्दीनं हैराण झालेली."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. गेलेल्यांचे आईबाप, नवरे, बायका, मुलं एकत्र आली आणि वॉशिंग्टनच्या फेऱ्या घालू लागली. २०१० साली कायदा झाला. तिकीट विकतानाच, विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे पहिल्या पडद्यावर दाखवणं सक्तीचं झालं. सहवैमानिकाला पूर्वी उड्डाणाचे २५० तास पुरत, ते २०१३ पासून साधारणपणे १,५०० झाले. (त्या रात्रीच्या दोघांचे तास १,५०० च्या वरच होते, म्हणून या कलमावर अजून वाद चालतो.) आणि २०१४ च्या जानेवारीपासून विश्रांतीचा नवा नियम आला : कामावर येण्यापूर्वी सलग दहा तासांची सुट्टी, ड्यूटीच्या तासांना मर्यादा, आणि थकलेल्या वैमानिकानं 'मी थकलो आहे' असं सांगून विमान न उडवणं हा त्याचा हक्क नव्हे, तर कर्तव्य.

मी गप्प झालो. त्या कॅप्टनचं वाक्य माझ्या कानांत पुन्हा वाजलं. ज्याला मी अर्जात हेकेखोरपणा म्हटलं होतं, ते वाक्य पन्नास घरांनी रडून मिळवलेलं होतं. आणि मी त्याविरुद्ध शंभर डॉलर घेऊन बसलो होतो.

आता यावरून छोटी विमानं वाईट आणि मोठी चांगली, किंवा उलटं, असा निष्कर्ष काढू नका. त्या अपघातानंतर जवळजवळ सोळा वर्षं अमेरिकेतल्या कुठल्याच कंपनीच्या विमानाला, छोट्या किंवा मोठ्या, तेवढा मोठा अपघात झाला नाही. मग २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरणाऱ्या अशाच एका छोट्या विमानाची लष्करी हेलिकॉप्टरशी टक्कर झाली आणि ६७ माणसं गेली. त्याच वर्षीच्या जूनमधलं अहमदाबाद आपण कसं विसरू? ते तर लंडनला निघालेलं मोठ्या कंपनीचं मोठं विमान होतं. आकारावरून, रंगावरून, चहावरून आतलं काही कळत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. सौ.नं हे आधीच म्हटलं होतं.

पण मग माणसानं काय करावं? पट्टा बांधून बसलेल्या माझ्यासारख्याला इंजिनातलं काय कळणार? चहा कळतो, म्हणून आपण चहाला गुण देतो. त्याला काही अंशी इलाजही नाही. अडचण ही, की सेवा म्हणजे काहीतरी घडणं. उशी येणं, बिस्किट येणं. आणि सुरक्षा म्हणजे काहीतरी न घडणं. न घडलेल्या गोष्टीचे आभार कुणाला लिहायचे? विमान पडलं नाही म्हणून कुणी पत्र पाठवल्याचं ऐकलं आहे? फळाची अपेक्षा न धरता कर्म करावं, असं आपण प्रवचनात ऐकतो. तसं करणारा माणूस प्रत्यक्ष भेटला की मात्र आपण त्याच्याविरुद्ध अर्ज करतो, कारण तो हसत नाही.

घरातही तेच. नातवंडांना आजोबा आवडतात, कारण आजोबा चॉकलेट देतात. आई हातातली कात्री काढून घेते, म्हणून ती दुष्ट. मी आयुष्यभर चॉकलेटवाल्यांनाच चांगलं म्हणत आलो की काय, अशी मला शंका येऊ लागली.

मग मी त्या बाईंचा जरा अभ्यास केला. बोईंग एअर ट्रान्सपोर्टनं १९३० साली विमानात पहिल्यांदा आठ मुली नेमल्या, त्या सगळ्या परिचारिका होत्या. कल्पनाही एलन चर्च नावाच्या परिचारिकेचीच. मोठ्या विमानाला परवाना मिळवताना, निम्मी दारं बंद ठेवून सगळी माणसं दीड मिनिटात बाहेर काढून दाखवावी लागतात. २ जानेवारी २०२४ ला, म्हणजे आमच्या प्रवासाच्या महिनाभर आधी, टोकियोत जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या एका लहान विमानावर आदळून पेटलं, आणि जळत्या विमानातून ३७९ च्या ३७९ माणसं जिवंत उतरली. कर्मचाऱ्यांनी ओरडून सांगितलं, बॅगा टाका, आणि लोकांनी टाकल्या. मी तिथं असतो तर? लाडवांचा डबा टाकला असता? खरं उत्तर लिहायची मला लाज वाटते. मला बाहेर काढायला पी. टी.च्या बाईच लागल्या असत्या, 'आणखी काही हवं का' विचारणारी नव्हे.

आणि शेवटी कळलं ते सगळ्यांत बोचरं. तिथल्या बऱ्याच कंपन्यांत या लोकांच्या पगाराचं घड्याळ विमानाचं दार बंद झाल्यावर सुरू होत असे. म्हणजे दारात बॅग घेतली, मला बाराव्या रांगेत बसवलं, माझा वाद ऐकून घेतला, हे सगळं बहुधा फुकट! आणि त्यावर आता 'योग्य ती चर्चा'.

त्या रात्री मी दुसरं पत्र लिहिलं. माझी तक्रार मी मागे घेत आहे. त्या बाईंनी आणि कॅप्टननं आपलं काम चोख केलं. त्यांच्याशी चर्चा करू नये. केली असल्यास ती चुकीच्या माणसाशी झाली आहे असं समजावं. कूपन परत करत आहे.

आठ दिवसांत उत्तर आलं. अत्यंत गोड. आपल्याला पुन्हा पत्र लिहिण्याचा त्रास झाला याबद्दल कंपनी दिलगीर होती. सोबत आणखी पन्नास डॉलरचं कूपन होतं. त्या बाईंविषयी एक अक्षर नव्हतं.

म्हणजे पत्र कुणी वाचलंच नव्हतं. पहिलंही वाचलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खात्री नाही. शहाण्या माणसानं शिक्षा अशी मागावी की नंतर परत घेता येईल. ती तशी घेता येत नाही, हे छत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे शेरे मारणाऱ्या माणसाला तरी ठाऊक असायला हवं होतं.

परतीच्या प्रवासात छोट्या विमानात एका पोरसवदा मुलानं मला मागं बसायला सांगितलं. मी उठलो, 'थँक यू' म्हणालो, आणि पट्टा ओढून पाहण्यासाठी पोट आत घेतलं. दार कुठं आहे ते मान वळवून पाहिलं. रांगा मोजल्या. सौ. पुढून वळून माझ्याकडे पाहत होती. बेचाळीस वर्षांत प्रथमच तिच्या नजरेत शाबासकी दिसली.

परवा भाचीचं लग्न झालं. जिलबी चांगली होती. हात धुऊन झाल्यावर मी मुद्दाम मांडवाच्या मागच्या बाजूला गेलो. वारा सुटला होता. एक माणूस शिडीवर चढून कोपऱ्यातल्या बांबूची दोरी पुन्हा आवळत होता. मी खाली उभा राहिलेला पाहून तो घाईघाईनं उतरला, हात पुसले आणि घाबऱ्या चेहऱ्यानं म्हणाला,

"काय चुकलं का, साहेब?"

मी म्हणालो, "नाही हो. जेवलात का, एवढंच विचारायला आलो होतो."

त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही. मी लांब जाईपर्यंत तो प्रत्येक बांबू हलवून पाहत होता.